गटारांत काय सोडावें?

लंडन शहरांत १८१५ सालापूर्वीं घरांतील मैला सार्वजनिक गटारांत सोडणें हा दंडनीय अपराध होता. १८१५ च्या सुमारास तसें करण्याची मुभा मिळाली; आणि १८४८ च्या सुमारास तें न करणेंच कायद्याविरुद्ध ठरलें. एकाच माणसाच्या हयातींत एकच कृत्य प्रथम गुन्हा, मग सवलत आणि अखेरीस कर्तव्य व्हावें, असा प्रकार कायद्यांच्या इतिहासांत क्वचितच आढळतो. पुढें त्या कर्तव्यालाही अटी लागल्या, आणि त्याच जातीच्या अटी आज मुंबई-पुण्याच्या कारखानदारांस लागू आहेत. गटाराचा विषय सभ्य मंडळींत बोलण्याचा नव्हे, अशी समजूत असल्यामुळें हा इतिहास सहसा सांगितला जात नाहीं. परंतु या नियमांमागें हजारों माणसांचे मृत्यु उभे आहेत, हें ध्यानांत आलें म्हणजे विषयाची किळस वाटेनाशी होते.

मूळचीं गटारें मैल्यासाठीं बांधलेलींच नव्हतीं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या कारकीर्दींत, १५३१ सालीं, पार्लमेंटनें गटारांविषयीं जो कायदा केला त्याचा रोख पावसाच्या पाण्यावर आणि पुरावर होता. पाट, बांध व नाले दुरुस्त राखावे, त्यांत कोणी अडथळा आणूं नये, एवढ्यासाठीं त्या कायद्यानें गटार-मंडळें नेमण्याची व्यवस्था केली. लंडनमधील फ्लीट, वॉलब्रुक यांसारखे ओढे हळूहळू झांकले जाऊन त्यांचींच गटारें झालीं, आणि त्यांचें पाणी थेट टेम्स नदीस मिळे. घरांतील मैल्याची वाट निराळी होती. घराच्या तळाशीं किंवा परसांत विटांनीं बांधलेला खड्डा असे. तो भरला म्हणजे मजूर रात्रीच्या वेळीं येऊन उपशीत, आणि तो मैला शहराबाहेरच्या शेतकऱ्यांस खत म्हणून विकला जाई. पावसाचें पाणी नदीकडे आणि मैला शेताकडे, अशी ही विभागणी होती. गटारांत मैला टाकणाऱ्यास शिक्षा सांगणारा नियम या विभागणीचा पहारेकरी होता.

दोन कारणांनीं ही व्यवस्था मोडली. पहिलें कारण लोकसंख्येचें. १८०१ सालीं लंडनची वस्ती साडेनऊ लक्षांच्या आसपास होती. १८५१ सालीं ती तेवीस लक्षांच्या वर गेली. शहर पसरलें तशीं शेतें दूर गेलीं, आणि मैला वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किंमतीहून अधिक होऊं लागला. दुसरें कारण पाण्याच्या संडासाचें. अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं आणि जोसेफ ब्रामा यानें १७७८ सालीं आपापल्या रचनेचें पेटंट घेतलें, आणि सुखवस्तु घरांतून हें नवें साधन शिरलें. घरांतली घाण क्षणांत दृष्टीआड होऊं लागली. पण ती गेली त्याच जुन्या खड्ड्यांत, आणि तीही कित्येक पट पाणी बरोबर घेऊन. पूर्वीं महिनोगणती पुरणारे खड्डे आतां भराभर ओसंडूं लागले. तळघरांत ओल आली, शेजारच्या विहिरी नासल्या. अशा स्थितींत खड्ड्याचें तोंड जवळच्या गटाराकडे काढून द्यावें, ही इच्छा स्वाभाविकच होती. १८१५ ची मुभा ही त्या इच्छेपुढें कायद्यानें मान तुकविल्याची खूण होय.

मुभेचें कर्तव्यांत रूपांतर झालें तें मुख्यतः एडविन चॅडविक या सुधारकाच्या पुरस्कारामुळें. कामकरी वर्गाच्या आरोग्यस्थितीवरील त्याचा १८४२ चा अहवाल इंग्रजी समाजाचे डोळे उघडणारा होता. गरिबांचीं मुलें घाणीमुळें मरतात, हें त्यानें निर्भीडपणें मांडलें. तथापि घाणीमुळें रोग कसा होतो, याविषयीं त्या काळच्या बहुतेक विद्वानांप्रमाणें त्याचीही समजूत अशी होती कीं, कुजक्या पदार्थांपासून उठणारी दुर्गंधी हीच रोगाचें मूळ. या समजुतीवरून जो उपाय निघतो तो उघड आहे : घाण घराजवळून शक्य तितक्या लौकर हलवावी. १८४८ सालीं लंडनमधील बहुतेक जुनीं गटार-मंडळें मोडून एकच मंडळ स्थापन झालें. घरांचीं मोऱ्या-संडासें सार्वजनिक गटारांस जोडण्याची सक्ति झाली आणि खड्डे बुजविण्याची मोहीम सुरू झाली. सुमारें सहा वर्षांत तीस हजार खड्डे नाहींसे झाले, असें पुढें जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरनेंच नमूद केलें आहे.

आणि हे तीस हजार खड्डे गेले कोठें? सर्व टेम्स नदींत. त्याच नदीचें पाणी कित्येक कंपन्या नळांवाटे शहरास पाजीत होत्या. टेम्स ही भरती-ओहोटीची नदी; ओहोटीबरोबर खालीं गेलेला मैला भरतीबरोबर पुन्हां शहरांत येई. १८३२ च्या पटकीच्या सांथींत लंडनमध्यें सहा हजारांवर माणसें दगावलीं होतीं. १८४८-४९ च्या सांथींत हा आंकडा चौदा हजारांच्या आसपास गेला, आणि १८५३-५४ सालीं पुन्हां दहा हजारांवर लोक मेले. प्रत्येक घराचा उंबरठा स्वच्छ करणाऱ्या नियमानें सगळ्या शहराचा पाण्याचा घडा नासविला होता.

हें सिद्ध केलें जॉन स्नो या डॉक्टरनें. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. पण त्याहून निर्णायक असा त्याचा पुरावा दक्षिण लंडनमधील दोन पाणी-कंपन्यांचा होता. या दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यांतून जात. एका घरास एकीचें पाणी, तर शेजारच्या घरास दुसरीचें. पैकीं लॅम्बेथ कंपनीनें १८५२ सालीं आपलें पाणी घेण्याचें ठिकाण नदीच्या वरच्या अंगास, भरतीच्या टप्प्यापलीकडे हलविलें होतें. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीजवळचें, शहराच्या मैल्यानें गढुळलेलें पाणीच देत राहिली. १८५४ च्या सांथींत स्नोनें घरोघर चौकशी करून हिशेब मांडला. साउथवर्क कंपनीच्या गिऱ्हाइकांत दर दहा हजार घरांमागें ३१५ मृत्यु झाले होते; लॅम्बेथच्या गिऱ्हाइकांत अवघे ३७. हवा तीच, रस्ते तेच, दुर्गंधी तीच. फरक होता तो केवळ पाण्याचा. तरीही विद्वानांचें मत लगेच पालटलें नाहीं. दुर्गंधीचा सिद्धान्त नाकाला पटत होता, आणि स्नोचा पुरावा केवळ आंकड्यांत होता.

शेवटीं पार्लमेंटास जाग आणली ती नाकानेंच. १८५५ च्या जुलै महिन्यांत मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें ‘टाइम्स’ पत्रास एक पत्र लिहिलें. नदींतून जातां जातां त्यानें पांढऱ्या कागदाचे तुकडे पाण्यांत टाकून पाहिले होते. ते इंचभर खालीं जातांच दिसेनासे झाले. त्या इशाऱ्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. मग १८५८ चा उन्हाळा आला. जून महिन्यांतील असह्य उष्म्यांत नदी इतकी दुर्गंधि सोडूं लागली कीं, तिच्या कांठींच असलेल्या पार्लमेंटच्या खिडक्यांस चुन्याच्या क्लोराइडांत भिजविलेले पडदे लावावे लागले. वर्षानुवर्षें खर्चाच्या आणि अधिकाराच्या वादांत अडकलेलें काम तेव्हां अठरा दिवसांत मार्गी लागलें. डिझरायलीनें विधेयक मांडलें आणि २ ऑगस्ट १८५८ रोजीं तें कायदा झालें. चौदा हजार प्रेतांनीं जें झालें नाहीं तें सभासदांच्या रुमालांनीं झालें.

काम सोंपविलें गेलें बॅझलगेटवर. त्याची योजना थोडक्यांत अशी होती. जुनीं गटारें उत्तर-दक्षिण वाहत नदीस मिळत. त्यांना नदीपूर्वींच आडवे छेदणारे मोठे भुयारी प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे काढावे. ते मैला आपल्या पोटांत घेऊन शहराच्या कित्येक मैल खालीं नेतील, आणि तेथें ओहोटीच्या वेळीं तो नदींत सोडला जाईल. उतार बहुतेक ठिकाणीं मैलास दोन फूट एवढाच. म्हणून सखल भागांत पंपघरें बांधून पाणी वर उचलावें लागे. अशा मुख्य गटारांची लांबी ८२ मैल भरली आणि कामास एकतीस कोटींहून अधिक विटा लागल्या. क्रॉसनेस येथील पंपघर १८६५ सालीं सुरू झालें, ॲबी मिल्स येथील १८६८ सालीं. मधल्या काळांत, १८६६ सालीं, पटकी पुन्हां आली. पण तिनें आपला मुख्य कहर केला तो पूर्व लंडनमध्यें, जेथें नवें गटारकाम अद्याप पुरें झालेलें नव्हतें आणि पाणी-कंपनीचा तलाव दूषित झाला होता. तेथें साडेपांच हजारांवर लोक मेले. लंडनमधील ही पटकीची शेवटची मोठी सांथ ठरली.

बॅझलगेटचें काम अलौकिक होतें यांत शंका नाहीं. परंतु कायद्याची दृष्टि अजूनही गटाराच्या तोंडापाशींच थांबलेली होती. गटाराच्या शेवटाकडे ती पोंचली नव्हती. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं ‘प्रिन्सेस ॲलिस’ नांवाची उतारूंची आगबोट शहराखालीं दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अपघात घडला तो नेमका गटारांच्या मुखाजवळ, आणि त्याच्या सुमारें तासभर आधीं मैला नदींत सोडलेला होता. वांचलेल्यांनीं त्या पाण्याचें जें वर्णन केलें त्यानें लोक हादरले. पुढें चौकशी-मंडळाच्या शिफारशीवरून मैल्यांतील घन भाग वेगळा काढूं लागले, आणि १८८७ पासून तो जहाजांत भरून समुद्रांत टाकण्यास आरंभ झाला. ही चाल १९९८ पर्यंत टिकली. शहराची घाण अशी क्रमाक्रमानें परसांतून नदींत, नदींतून तिच्या मुखाशीं आणि तेथून समुद्रांत गेली. प्रत्येक पायरीवर ती दूर झाली. नाहींशी कोठेंच झाली नाहीं.

दरम्यान गटाराला एक नवा धनी मिळाला होता, तो म्हणजे कारखानदार. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें घरमालकास आपली मोरी सार्वजनिक गटारास जोडण्याचा हक्क दिला होता. त्या हक्काच्या आधारें कातडीं कमावणारा, कापड रंगविणारा, दारू गाळणारा, असे सर्वजण गटाराकडे वळले. तेव्हां १८९० च्या पुरवणी कायद्यानें आणि पुढें १९३६ च्या कायद्यानें कांहीं पदार्थ गटारांत सोडण्यास साफ मनाई केली. ही यादी रुक्ष दिसते. पण तिच्यांतील प्रत्येक कलमामागें गटाराच्या पोटांत घडणारी एक गोष्ट आहे. ११० अंश फॅरनहाइटहून ऊन पाणी सोडूं नये. कारण उष्णतेनें मैला लौकर कुजून विषारी वायु सुटतात आणि विटांमधील चुनाही ढिला होतो. रासायनिक गाळ सोडूं नये. कारण एका कारखान्याचें आम्ल आणि दुसऱ्याचें गंधकयुक्त पाणी गटारांत एकत्र आलें म्हणजे जो वायु निपजतो तो आंत उतरलेल्या माणसास कांहीं श्वासांत ठार करूं शकतो. पेट्रोल सोडूं नये, कारण त्याची वाफ ठिणगीनें पेटते. कॅल्शियम कार्बाइड सोडूं नये, कारण पाणी लागतांच त्यापासून ज्वालाग्राही ॲसिटिलीन होतो. प्रवाहास अडथळा करील असें कांहींच सोडूं नये, हें तर १५३१ च्या कायद्याचेंच शब्दांतर आहे.

मनाईची यादी मात्र पुरेशी नव्हती. कारखान्यांस गटाराची वाट अजिबात बंद केली तर ते नदी गांठतील, आणि मोकळी सोडली तर गटारच फुटेल. हा पेंच सोडविण्यास १८९८ ते १९१५ पर्यंत एक शाही मंडळ बसलें होतें. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालानें नवीच दृष्टि दिली. पाण्यांतील सेंद्रिय घाण खाणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु वापरतात. म्हणून तें पाणी पांच दिवसांत किती प्राणवायु ओढून घेतें, यावरून त्याची घाण मोजतां येते. नदींत सोडावयाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा एक लक्ष भाग घेतला तर त्यानें दोन भागांहून अधिक प्राणवायु ओढूं नये, त्यांत तरंगता गाळ तीन भागांहून अधिक नसावा, आणि नदीचें पाणी निदान आठपट असावें, असें प्रमाण मंडळानें सुचविलें. नाकाचा न्याय संपून मापाचा न्याय सुरू झाला. १९३७ च्या कायद्यानें या विचाराला व्यवहाराची जोड दिली. आपलें सांडपाणी कशा प्रकारचें, दररोज किती आणि कोणत्या वेगानें सोडावयाचें, याची नोटीस कारखानदारानें अगोदर द्यावी. दोन महिन्यांच्या आंत स्थानिक संस्थेनें तें नाकारावें किंवा अटी घालून स्वीकारावें. अशा रीतीनें गटार हा हक्काचा विषय न राहतां कराराचा विषय झाला.

भारतास हा विचार परका नव्हता. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास आणि चिखल-पाणी तुंबविणाऱ्यास कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दंड सांगितला आहे, आणि राजमार्गावर तो दुप्पट केला आहे. तथापि आधुनिक गटाराचा कायदा आला तो इंग्लंडच्याच वाटेनें. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी आलें आणि लंडनप्रमाणें येथेंही पाण्यामागोमाग सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें सार्वजनिक गटारापासून शंभर फुटांच्या आंत असलेल्या घरांस मोरी जोडण्याची सक्ति करण्याचा अधिकार कमिशनरास दिला. आणि शहराचा मैला वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथील पंपघरांतून समुद्राकडे जाऊं लागला. इंग्लंडच्या कायद्याबरोबर इंग्लंडची समजूतही आली होती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां म्युनिसिपालिटीनें गटारांतून समुद्राचें पाणी आणि जंतुनाशक द्रव्यें जोरानें सोडलीं. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें सीमों या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं दाखवून दिलें.

एका बाबतींत मात्र मुंबईचा इतिहास लंडनहून निराळा आणि अधिक दुःखद आहे. लंडनमध्यें खड्डे उपसणें हा एक धंदा होता. भारतांत तें काम जन्मावर लादलेलें होतें. १८८८ च्या कायद्यांतही ‘हलालखोर’ हा शब्द आहे, आणि त्या नांवाखालीं पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींच्या माणसांनीं शहराचा मैला हातांनीं उचलला. भुयारी गटार आल्यानें त्यांची सुटका व्हावयाची. परंतु गटार तुंबलें म्हणजे आंत उतरविलें गेलें तें त्यांनाच. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. १९९३ नंतर गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लक्ष रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला, आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लक्षांवर नेली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थच असा कीं, मृत्यु थांबलेले नाहींत. स्वयंपाकघराच्या मोरींत ओतलेलें तेल आणि संडासांत टाकलेल्या चिंध्या ज्या ठिकाणीं अडतात, तेथें कोणास तरी उतरावें लागतें.

महाराष्ट्रानें जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ सालींच केला; केंद्राचा १९७४ सालीं झाला. पुढें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांस १९९३ सालीं एक अनुसूची जोडली गेली, आणि तिच्यांत सार्वजनिक गटार व नदी यांसाठीं निरनिराळीं मापें दिलीं. तीन दिवसांच्या कसोटीनें मोजलेली प्राणवायूची ओढ नदींत सोडावयाच्या पाण्यास लिटरमागें ३० मिलिग्रॅमपर्यंत, तर सार्वजनिक गटारांत सोडावयाच्या पाण्यास ३५० पर्यंत चालते. तरंगता गाळ नदीस १००, गटारास ६००. गटाराला ही ढिलाई कां? गटाराच्या शेवटीं शुद्धीकरणाचें केंद्र आहे, असें गृहीत धरलें म्हणून. पण त्याच अनुसूचींत एक छोटी टीप आहे : गटाराच्या शेवटीं जैविक प्रक्रियेसह दुय्यम शुद्धीकरण नसेल, तर तें पाणी नदींत सोडलें असेंच समजून नदीचें कडक माप लावावें. चॅडविकच्या काळीं जो प्रश्न कोणी विचारला नाहीं, तो या टिपेंत विचारलेला आहे. हें गटार जातें कोठें?

लंडनमध्येंही हा प्रश्न संपलेला नाहीं. २०१७ सालीं व्हाइटचॅपल भागांतील जुन्या गटारांत चरबी आणि फेकलेले ओले रुमाल यांचा अडीचशें मीटर लांबीचा, सुमारें १३० टनांचा गोळा सांपडला. बॅझलगेटच्या गटारांत पावसाचें पाणी आणि मैला एकत्र वाहत असल्यामुळें जोराच्या सरींत तीं ओसंडून टेम्समध्यें रिकामीं होत. त्यासाठीं नदीखालून पंचवीस किलोमीटरांचा नवा बोगदा खणावा लागला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तो पुरता जोडला गेला. पावसाचें पाणी आणि मैला एका वाटेनें जाऊं नये, ही १८१५ पूर्वींच्या नियमांतील शहाणपणाची गोष्ट एका शहरास दोनशें वर्षांनीं अशी परत शिकावी लागली.

मनाई, मुभा, सक्ति आणि अट या चार पायऱ्या चढतांना कायद्याची नजर उंबरठ्यावरून रस्त्याकडे, रस्त्यावरून नदीकडे आणि नदीवरून तिच्या खालच्या गांवांकडे गेली. गटार हें घरांतील घाण संपण्याचें ठिकाण नसून ती दुसऱ्याच्या दारीं पोंचविणारी वाट आहे, एवढेंच ती या प्रवासांत शिकली. त्या दुसऱ्या दाराशीं पाणी पिणारा माणूस आहे आणि वाटेवर कोठें तरी गटारांत उतरणारा माणूस आहे. मोरींत कांहीं ओततांना या दोघांची आठवण राहिली, तर पुढचा नियम करण्यासाठीं पुन्हां एखादी सांथ यावी लागणार नाहीं.